काचेची जखम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि फराळाला हात लावायच्या आधीच आईने एक काम अंगावर टाकलं. आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग. आजोबांना वीस वर्षांपासून शुगर. पावसाळ्यात नवी चप्पल लागून तळपायाला, अंगठ्याच्या खाली फोड आला होता. पायाला संवेदनाच उरलेली नसल्यामुळे तो त्यांना कळलासुद्धा नाही. फोड फुटला, जखम झाली आणि चार महिने उलटले तरी ती भरायचं नाव घेईना. रुपयाच्या नाण्याएवढी जखम. फार पू नाही, ताप नाही, दुखणं तर नाहीच. रोज औषधाने धुवायची, गॉज ठेवायचा, पट्टी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सोडून बघितलं की जैसे थे!

मला कोडं पडलं ते लॅबच्या रिपोर्टचं. जखमेवरून कापसाचा बोळा फिरवून तो तपासायला पाठवला होता. उत्तर आलं, जंतूंची वाढ आढळली नाही. आजी खूश झाली, देवापुढे साखर ठेवली. पण जंतू नाहीत तर जखम का भरत नाही? आणि जंतू असतील तर रिपोर्टात का दिसत नाहीत? डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या पोराने डॉक्टरांना काय शिकवायचं!

हॉस्टेलवर परत आलो, सबमिशन डोक्यावर होतं, तरी मी लायब्ररीत जाऊन भलतीच पुस्तकं काढून बसलो. या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जो माणूस भेटला तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा निघाला. अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिनचा शोध कोणी लावला, या एका मार्काच्या प्रश्नाचं उत्तर. उघडी राहिलेली बशी, त्यावर आलेली बुरशी आणि नशीब, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. पण बुरशीच्या तेरा वर्षं आधी या माणसाने एक प्रयोग केला होता, तो शाळेत कोणी शिकवत नाही. मला तर वाटतं, तो प्रयोग डॉक्टरांपेक्षा आपणा इंजिनिअर लोकांनाच जास्त कळेल. म्हणून हा लेख.

फ्लेमिंगचा जन्म 6 ऑगस्ट 1881 चा. स्कॉटलंडच्या एअरशायर भागात डार्व्हेल गावाजवळ लॉकफील्ड नावाची शेतवाडी होती, तिथला. वडील शेतकरी. त्यांची दोन लग्नं, मिळून आठ मुलं. अलेक सात वर्षांचा असताना वडील वारले. मेंढ्या, ओढे, पक्ष्यांची घरटी आणि मैलोन् मैल चालत जायची शाळा, असं त्याचं बालपण गेलं. पुढे भावांच्या पाठोपाठ तो लंडनला आला. तिथे थोडं शिक्षण झालं आणि सोळाव्या वर्षी एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कारकुनी सुरू झाली. चार वर्षं हिशेब आणि नकला. ते काम त्याला अजिबात आवडत नव्हतं.

मग 1901 साली एक काका वारले आणि त्यांच्या इस्टेटीतले 250 पौंड अलेकच्या वाट्याला आले. मोठा भाऊ डोळ्यांचा डॉक्टर होता. त्याने सुचवलं की या पैशात डॉक्टरी शीक. लंडनमधल्या मेडिकल कॉलेजांपैकी सेंट मेरीज त्याने कशावरून निवडलं? तर त्या कॉलेजच्या टीमविरुद्ध तो पूर्वी वॉटर पोलो खेळला होता, म्हणून! आपल्याकडे कट ऑफ बघून कॉलेज ठरतं, त्याचं असं ठरलं. 1906 साली तो डॉक्टर झाला. खरं तर त्याला सर्जन व्हायचं होतं आणि त्याची परीक्षाही तो पुढे पास झाला. पण नेमबाजीत त्याचा हात चांगला होता आणि कॉलेजच्या रायफल क्लबला तो हवा होता. त्याला सेंट मेरीजमध्येच अडकवून ठेवायचं म्हणून क्लबातल्या एका सहकाऱ्याने त्याला आल्मरॉथ राइट यांच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत चिकटवून दिलं. तो तिथे जो गेला तो जवळपास आयुष्यभर तिथेच राहिला.

माणूस बुटका, निळ्या डोळ्यांचा आणि अतिशय अबोल. राइट म्हणजे बोलत सुटले की थांबायचे नाहीत आणि फ्लेमिंग म्हणजे हो किंवा नाही. पण हाताने विलक्षण कुशल. काच तापवून, फुंकून, ओढून त्याला लागणारी बारीक उपकरणं तो स्वतःच बनवायचा. मूड असला तर काचेची मांजरं आणि उंदीरसुद्धा करायचा. आपल्या वर्कशॉपमध्ये तो असता तर त्याचा जॉब सगळ्यांनी मागून घेतला असता, एवढं नक्की.

1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं. राइट यांनी आपली माणसं घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन्यला मुक्काम हलवला. तिथल्या कॅसिनोचं लष्करी हॉस्पिटल झालं होतं आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ही प्रयोगशाळा थाटली गेली. सोयी यथातथाच. जंतू वाढवायची उबदार पेटी घासलेटच्या स्टोव्हवर चालवायची, असा सगळा जुगाड. खाली मात्र जखमी सैनिकांची रांग संपत नव्हती.

या जखमा डॉक्टरांनी पूर्वी पाहिलेल्या जखमांसारख्या नव्हत्या. तोफगोळ्याचा तुकडा अंगात घुसताना नुसता घुसत नाही. चिखलाने भरलेल्या कपड्याची चिंधी, माती, हाडाचे तुकडे असं सगळं घेऊन आत जातो. आणि चिखल कुठला? वर्षानुवर्षं शेणखत घातलेल्या शेतांचा. फ्लेमिंगने सैनिकांच्या कपड्यांचे तुकडे तपासले तर त्यात गॅस गँगरीनचे, धनुर्वाताचे जंतू सापडले. म्हणजे गोळीबरोबर रोगाचं बी आत पेरलं जात होतं. ज्यांना गोळीने मारलं नाही ते पुढे जखम सडून मरत होते.

यावर त्या वेळचा उपाय एकच, जंतुनाशक. 1867 पासून लिस्टर यांच्या कार्बोलिक ॲसिडने ऑपरेशन थिएटरमध्ये चमत्कार घडवला होता. तेव्हा जखमेत कार्बोलिक ओता, आयोडीन ओता, हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, असं चाललेलं. परीक्षानळीत जंतूंवर हे औषध टाकलं की जंतू मरतात, हे कोणीही दाखवू शकत होतं. मग जखमेत का मरत नाहीत?

इथे फ्लेमिंगने जे केलं ते वाचून मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. औषध बदलायच्या आधी त्याने परीक्षानळी बदलली.

विचार असा. परीक्षानळी आतून गुळगुळीत असते, जखम नसते. जखमेला फाटे असतात, बोळ असतात, खाचा असतात. म्हणून त्याने एक काचेची नळी घेतली, तिचा बंद तळ ज्योतीवर मऊ केला आणि काच ओढून तिला पोकळ काटे काढले. बाहेरून पाहिलं तर काटेरी आणि आतून पाहिलं तर अरुंद आंधळ्या गल्ल्या. झाली काचेची जखम! मग तिच्यात जंतू मिसळलेला रक्तद्रव भरला आणि उबेत ठेवला. रात्रीत जंतू मातले. दुसऱ्या दिवशी तो द्रव ओतून टाकला आणि नळी जंतुनाशकाने भरली. काही वेळाने जंतुनाशकही ओतून टाकलं, स्वच्छ निर्जंतुक द्रव भरला आणि पुन्हा उबेत ठेवली. सकाळी बघतो तर नळीत पहिल्याइतकेच जंतू. पुन्हा धुतली, पुन्हा तेच. मोठ्या भागातले जंतू मरत होते, पण काट्यांच्या टोकाशी बसलेल्यांपर्यंत औषध पोचतच नव्हतं. आणि तेच पुढच्या पिकाचं बियाणं होत होतं.

दुसरी गोष्टही त्याने आणि राइट यांनी दाखवली. जखमेत जंतूंशी लढायला आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात. जंतुनाशक आतल्या जंतूंपर्यंत पोचत नाही, पण समोर आलेल्या या पेशींना मात्र मारतं. म्हणजे चोर माळ्यावर आणि मार राखणदाराला. त्याचं म्हणणं साधं होतं. मेलेलं मांस, चिंध्या, हाडांचे तुकडे शक्य तितक्या लवकर काढून टाका, म्हणजे जंतूंना लपायला जागाच उरणार नाही.

ऐकलं का कोणी? फारसं नाही. लंडनमधल्या बड्या सर्जन मंडळींनी राइट यांच्याशी छापील वाद घातला. बहुतेक ठिकाणी औषध ओतणं चालूच राहिलं. मेलेलं मांस कापून जखम मोकळी करण्याची पद्धत युद्धात हळूहळू पसरली, पण ती त्या काटेरी नळीच्या पुराव्यापेक्षा सर्जन लोकांच्या स्वतःच्या कडू अनुभवामुळे जास्त. फ्लेमिंग भांडणाऱ्यांतला नव्हता. तो निबंध लिहून मोकळा झाला. डिसेंबर 1915 मध्ये रजेवर असताना त्याने सारीन नावाच्या आयरिश नर्सशी लग्न केलं आणि परत आल्यावर सहकाऱ्यांना ते बरेच दिवस खरंच वाटेना, इतका हा गप्प माणूस. पण डोळ्यांदेखत मेलेली ती तरुण पोरं त्याने आयुष्यभर मनात ठेवली असावीत, कारण पुढचं सगळं काम त्याच वाटेने गेलं. जंतू मारील पण पेशींना इजा करणार नाही असं काहीतरी त्याला हवं होतं.

1921 मध्ये सर्दी झालेली असताना स्वतःच्याच नाकातला शेंबूड त्याने जंतूंच्या बशीवर टाकला आणि काही जंतू विरघळलेले पाहिले. त्यातून लायसोझाइम सापडलं. ते आपल्या अश्रूंतही असतं. मग काय, प्रयोगशाळेत येणाऱ्या जाणाऱ्याच्या डोळ्यात लिंबू पिळून अश्रू गोळा करायचा सपाटा सुरू झाला! पण लायसोझाइम घातक जंतूंवर फारसं चालेना. नंतर 1928. सुट्टीवरून परतल्यावर 3 सप्टेंबरला त्याला ती प्रसिद्ध बशी दिसली, जिच्यात बुरशीच्या भोवतालचे स्टॅफिलोकॉकस जंतू नाहीसे झाले होते. 1929 मध्ये त्याने निबंध छापला. पण बुरशीचा रस शुद्ध करणं त्याला आणि त्याच्या मदतनीसांना जमलं नाही. ते काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या चमूने केलं. 1940 मध्ये उंदरांवर, 1941 मध्ये माणसावर. 1945 चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून मिळालं. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंगने बजावलं होतं की औषध कमी मात्रेत, अर्धवट घेतलं तर जंतू त्याला निर्ढावतील. अर्धा कोर्स करून गोळ्या कपाटात टाकणाऱ्या आपल्या हॉस्टेलमधल्या मंडळींनी हे वाक्य आरशावर चिकटवायला हरकत नाही.

आता आजोबांच्या पायाकडे येतो.

फ्लेमिंगच्या नळीत काटे त्याने काढले होते. पण पुढे कळलं ते असं, की जंतूंना खाच मिळाली नाही तरी ते स्वतःची खाच स्वतः बांधतात. एकटे पोहणारे जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, भोवती साखरेसारख्या लांब रेणूंचा, प्रथिनांचा, डीएनएचा चिकट गिलावा करतात आणि त्यात वस्ती करून राहतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या पाइपातली बुळबुळ, सकाळी दातांवर जाणवणारा थर, ही त्याचीच रूपं. बिल कॉस्टर्टन या शास्त्रज्ञाने 1978 च्या एका लेखातून ही कल्पना सगळ्यांपुढे आणली आणि पुढे ते ज्या संस्थेचे संचालक झाले तिचं नाव आहे सेंटर फॉर बायोफिल्म इंजिनिअरिंग, मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटी. हो, इंजिनिअरिंग!

या गिलाव्यातले आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात. पेनिसिलिन मारतं ते जंतू आपली भिंत बांधत असताना. जो बांधकामच करत नाही त्याचं ते काय बिघडवणार? 1944 मध्येच डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी दाखवलं होतं की पेनिसिलिन दिल्यावरही थोडे स्टॅफिलोकॉकस शिल्लक राहतात. म्हणजे फ्लेमिंगच्या सगळ्यात मोठ्या शोधाला त्याच्याच जुन्या नळीने आधीच इशारा देऊन ठेवला होता, की औषध जहाल असून भागत नाही, पोचलं पाहिजे.

आणि रिपोर्टचं कोडं? तेही इथेच सुटलं. कापसाचा बोळा वरून फिरतो. त्याला सुटे जंतू लागतात. गिलाव्यात घट्ट बसलेले सुटून येत नाहीत, आले तरी झोपलेले जंतू लॅबच्या बशीवर सहज वाढत नाहीत आणि रुग्णाच्या पोटात आधीच अँटिबायोटिक असेल तर आणखीच अवघड. 2008 साली त्याच मोंटानाच्या लोकांनी जखमांचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. न भरणाऱ्या 50 जखमांपैकी 30 मध्ये बायोफिल्म सापडली आणि ताज्या 16 जखमांपैकी फक्त एकीत.

मग ती शोधायची कशी? नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही, कारण या वस्त्या काही मायक्रॉनपासून शेदोनशे मायक्रॉनपर्यंतच्या असतात आणि जखमेत सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. खात्रीचा मार्ग म्हणजे जखमेच्या ऊतीचा छोटा तुकडा काढायचा आणि इलेक्ट्रॉन किंवा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जंतूंच्या आरएनएला चिकटून चमकणारी रसायनं वापरली तर वस्ती उजळून दिसते. पण हे महाग आणि वेळखाऊ. खाटेजवळ करता येण्यासारखी एक युक्ती जपानमध्ये निघाली. नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा जखमेवर दाबायचा, म्हणजे टीपकागदासारखा तो गिलावा उचलतो. मग तो ॲल्शियन ब्लू या रंगात बुडवायचा. जिथे निळा डाग तिथे गिलावा. तिसरी रीत प्रकाशाची. अंधारात 405 नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकला की बरेचसे जंतू लाल चमकतात आणि स्यूडोमोनस निळसर हिरवा. यातून जंतू कुठे जास्त आहेत ते कळतं, मात्र ती बायोफिल्मच आहे की सुटे जंतू, हे नुसत्या त्या प्रकाशावरून ठरत नाही. म्हणजे स्वस्त, झटपट आणि खात्रीची अशी तिन्ही एकत्र असलेली तपासणी अजून हवीच आहे. ऑप्टिक्स, इमेज प्रोसेसिंग, सेन्सर यांत प्रोजेक्ट शोधणाऱ्या अंतिम वर्षाच्या मंडळींनी इथे जरा डोकं घालावं.

जानेवारीत आजोबांना शहरातल्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, जखमेच्या कडा आणि तळ नीट खरवडून काढला आणि तळातला तुकडा तपासायला पाठवला. त्यात जंतू निघाले. खरवडल्यानंतर जंतूंची वस्ती पुन्हा बांधून व्हायला एक ते तीन दिवस लागतात, तेवढ्यात औषध लागू पडण्याची संधी असते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. हे खरवडणं पुढे दर आठवड्याला झालं. शुगर ताब्यात आणली, पायातला रक्तपुरवठा तपासला आणि जखमेवर भार येऊ नये म्हणून खास बूट दिला. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे मी आजीला तेव्हा पहिल्यांदा समजावून सांगितलं! एप्रिलमध्ये जखम भरली. अंगठा वाचला. शेजारचं एक बोट मात्र गेलं, ते आधीच काळं पडलं होतं. चार महिने आम्ही त्या रिपोर्टवर विसंबून राहिलो नसतो तर तेही वाचलं असतं का? माहीत नाही. पण हा प्रश्न मला रात्री कधी कधी पडतो.

फ्लेमिंग 11 मार्च 1955 रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने गेला. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याची रक्षा ठेवली आहे. जगभर त्याचं नाव झालं ते त्या बुरशीच्या बशीमुळे आणि ते योग्यच आहे. पण माझ्या टेबलावर मी त्याची बशी ठेवणार नाही, ती काटेरी नळी ठेवीन. आपण लॅबमध्ये किती वेळा गुळगुळीत नळीत प्रयोग करतो! स्पेसिमेन पॉलिश केलेला, बीम आदर्श, घर्षण शून्य धरलेलं. रीडिंग छान येतात, जर्नल पूर्ण होतं, सही मिळते. खरं यंत्र, खरा पूल, खरा पाय मात्र खाचाखोचांचा असतो. तपासणीत काही सापडलं नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा नसतो. आपली तपासणी त्या खाचेपर्यंत पोचली होती का, एवढं स्वतःला विचारायचं.

या दिवाळीत घरी जाईन तेव्हा ड्रेसिंग नसेल. आजोबा ओट्यावर बसलेले असतील आणि मी आधी त्यांचे दोन्ही तळपाय हातात घेऊन उजेडात नीट बघेन. मग फराळ.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी